ईझ म्हणजे हो की नाही?

अहो,

तुम्ही गेलात त्याला दीड महिना होईल, आणि मी तुमच्याशी भांडायला बसले आहे. केतकीला वाटतंय आई रामनाम लिहितेय. लिहू दे, मन रमेल, म्हणून ती बाहेरच्या खोलीत ऑफिसचं काम घेऊन बसली आहे.

भांडण तेच. त्या सकाळी मी म्हणाले होते, "हे घर विका आणि वेंगुर्ल्याला चला. नाहीतर मी एकटी जाते. ह्या वेळी खरंच जाते." तुम्ही पिशवी घेतलीत, दारात चपला घातल्यात आणि माझ्याकडे न बघता म्हणालात, "सब्जी घेऊन येतो, मग बोलू."

मग बोलू! त्यानंतर वर्षाहून जास्त जगलात तुम्ही. पण आपण बोललो नाही.

लोकांना नेहमी उलटंच वाटायचं. नौदलातला माणूस, तोही शिडाच्या जहाजावरचा, म्हणजे ह्याचा जीव समुद्रात. आणि बिचारी बायको त्याला जमिनीवर ओढणारी. इथं झाशीत, नगऱ्यात, आपल्या मोहल्ल्यातल्या बायका मला अजून म्हणतात, "भाईसाहब को तो यहाँ बड़ी घुटन होती होगी, भाभी." घुटन मला होत होती. समुद्रकिनारी जन्मलेली मी, आणि तुम्ही रेल्वे वर्कशॉपातल्या फिटरचे चिरंजीव. अठरा वर्षांचे होईपर्यंत बेतवेपेक्षा मोठं पाणी पाहिलेलं नव्हतं तुम्ही. भरतीची जाहिरात बघून गेलात. तुम्हीच म्हणायचात, "समुद्र मी पोटासाठी केला. आवडीसाठी नाही केला."

मला लग्नाआधी हे कुणी सांगितलं नाही. मला वाटलं तांडेलाशी लग्न होतंय. आमच्याकडे जहाजाच्या दोरांचा, शिडांचा, खलाशांचा जो मुकादम असतो त्याला तांडेल म्हणतात. तुमच्या नौदलात बोसन. आमच्या गल्लीत तांडेलाचा रुबाब काय वर्णावा! आणि मला मिळाला हा माणूस, जो माशाला वास येतो म्हणायचा, बटाट्याला आलू म्हणायचा आणि "मी येऊन राहिलो आहे" असलं झाशीचं मराठी बोलायचा. माझी आई तुमचं बोलणं ऐकून पदर तोंडाला लावून हसायची. तुम्हाला कळायचं, तरी तुम्ही तिला वाकून नमस्कार करायचात.

कोचीला असताना एकदा जहाजावर घरच्यांसाठी दिवस ठेवला होता. सकाळी बंदरातून बाहेर, संध्याकाळी परत. केतकी तेव्हा शाळेत होती. त्या एका दिवसात मी तुम्हाला पाहिलं, आधी आणि नंतर कधी पाहिलं नाही तसं. तीन डोलकाठ्या, त्यांच्यावर आडव्या काठ्या, आणि एवढे दोर की मला वाटलं एखाद्या मोठ्या मागात उभी आहे. डेक शिकाऊ पोरांनी पहाटेच नारळाच्या सोडणानं घासून पांढरा केला होता. आणि मधल्या डोलकाठीच्या बुडाशी तुम्ही. घरी ज्याचा आवाज शेजारच्या खोलीत पोचायचा नाही, तो माणूस तिथं एक शब्द टाकत होता आणि वीस पोरं एकदम दोर ओढत होती. "हीव!" म्हटलं की ओढायचं. "होल्ड!" म्हटलं की जिथं असाल तिथं थांबायचं. मी केतकीला म्हणाले, "बघ गो, तुझे पप्पा." ती घाबरून माझ्यामागे लपली.

एक शिकाऊ मुलगी दोरांच्या शिडीवर अर्ध्यात अडकली. वर जाईना, खाली येईना. खालून सगळे तिला काहीबाही ओरडून सांगत होते. तुम्ही हात वर करून सगळ्यांना गप्प केलंत आणि स्वतः चढलात. तिच्या मागे उभे राहिलात, दोन्ही हात तिच्या दोन्ही बाजूंनी दोराला धरून, की पडलीच तर तुमच्या अंगावर पडेल. बराच वेळ काहीतरी बोलत होतात. मग ती चढली. पार वरपर्यंत. परतताना मी विचारलं, काय सांगितलंत तिला? तुम्ही म्हणालात, "वरच्या गोष्टी वर."

आणि त्याच दिवशी, वारा वाढल्यावर, तुम्ही हळूच त्या बाजूला गेलात जिथून कुणाला दिसत नाही, आणि कठड्यावरून वाकलात. परत आलात ते आवळकाठी चघळत. मी आणि केतकी मजेत सामोसे खात होतो. मला कळायला वेळ लागला. एवढी वर्षं समुद्रावर, आणि बोसनला जहाज लागतं! प्रत्येक सफरीचे पहिले दिवस तुम्ही असेच काढायचात. "जहाजावर एका थॉमसला माहीत आहे आणि आता तुला," तुम्ही म्हणालात. "बाकी कुणाला बोलशील तर बघ." नाही बोलले कुणाला. आता बोलते. आता काय बिघडणार आहे?

मग निवृत्ती. मी समजून चालले होते की आपण कोकणात जाणार. भावानं जागासुद्धा बघून ठेवली होती, विहीर आणि चार माड असलेली. तुम्ही नुसतं म्हणालात, "नगऱ्यातलं घर आहे ना आपलं." मी म्हणाले, "तिथं काय आहे? दगड?" तुम्ही म्हणालात, "हो. झाशीचा दगड हलत नाही."

ह्यावर मी काय बोलणार होते? पण बोलले. सात उन्हाळे बोलत राहिले. मे महिन्यात छतावरच्या टाकीचं पाणी हाताला पोळायचं तेव्हा बोलले. सीपरी बाजारातून नदीतला मासा आणून रांधला आणि त्याला चिखलाची चव लागली तेव्हा बोलले. तुम्ही ऐकून घ्यायचात. रागावलात असं नाही. कधी हो म्हणाला नाहीत, कधी नाही म्हणाला नाहीत. माझं बोलून झालं की म्हणायचात, "चाय करू?" आणि खरंच करायचात.

त्या सकाळी सीपरीत भाजीच्या ठेल्यापाशी तुम्ही पडलात. ठेलेवाल्यानं तुमच्या फोनवरून मला फोन लावला. "अम्मा, बाबूजी गिर गए हैं, मुँह टेढ़ा हो रहा है." ऑटोत तुमचं डोकं मांडीवर घेतलं तेव्हा तुमचे डोळे उघडे होते आणि ओठ हलत होते. मला वाटलं, आता सांगतील. हो की नाही ते आता तरी सांगतील.

उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. अंगात हळूहळू थोडं बळ आलं, काठी धरून चालू लागलात. वाचा आली नाही. इलाइट चौराह्याजवळ बोलणं शिकवणाऱ्या मॅडमकडे मी तुम्हाला घेऊन जायचे. लहान पोरीसारखी होती ती. चित्रं समोर धरायची. "बाबूजी, ये क्या है? गाय. बोलिए, गाय." तुम्ही कपाळाला आठ्या घालून, सगळं अंग ताणून, पहिल्यांदा तोंड उघडलंत ते एवढ्या मोठ्यानं की बाहेर बसलेली माणसं आत डोकावली.

"हीव!"

पोरगी दचकली. तिनं सफरचंदाचं चित्र धरलं. "मेक फास्ट!" तुम्ही म्हणालात.

मला हसू आलं हो. किती दिवसांनी हसले. तुम्हीही हसलात, अर्ध्या तोंडानं. मग तुम्हाला कळलं की तुम्हाला दुसरं काही म्हणायचं होतं, आणि तुमचा चेहरा असा झाला की मी खिडकीकडे बघत बसले.

मॅडमनं मला बाजूला घेऊन समजावलं. "आंटी, जो बात आदमी ने हज़ारों बार बोली होती है, वो दिमाग में अलग जगह रहती है. कई बार बस वही बच जाती है." म्हणून जहाजावरचे हुकूम वाचले. दुसऱ्यांच्या पोरांना जे वर्षानुवर्षं ओरडून सांगितलंत ते सगळं वाचलं. रस्ताभर ऑटोत मी एकच विचार करत होते: माझं नाव त्या जागी नव्हतं. तुम्ही मला कधी नावानं हाक मारलीच नाहीत. "ऐकतेस का" म्हणायचात. तेही वाचलं नाही. ते तुम्ही पुरेसं म्हटलं नाहीत.

मग मी तुमच्या जहाजावरच्या जोडीदाराला, थॉमसभाऊजींना, कोचीला फोन लावला. म्हणाले, मला तुमच्या जहाजाची भाषा शिकवा. ते आधी रडले. मग शिकवायला लागले. दुपारी तुम्ही झोपलात की मी स्वयंपाकघरात फोन कानाला लावून बसायचे, आणि ते तिकडून त्यांच्या हिंदीत शिकवायचे, जसं तुम्ही दोघं नव्या पोरांना शिकवायचात. कोणता हुकूम कधी, कोणत्या आवाजात, त्यावर पोरं काय करतात. मी त्यांची शेवटची शिकाऊ.

काही महिन्यांत आपलं जमलं. "हीव" म्हणजे मला उठव. "मेक फास्ट", दोर पक्का बांधा, म्हणजे बास, झालं, वाढू नकोस. "अलॉफ्ट" जहाजावर डोलकाठीवर चढायला म्हणतात. तुम्हाला त्याचा अर्थ गच्चीवर, उन्हात. जिन्याच्या प्रत्येक पायरीवर तुम्ही माझ्याकडे बघून म्हणायचात, "क्लिप ऑन", म्हणजे कंबरेच्या पट्ट्याचा आकडा आधी लावा, मग पुढचं पाऊल. मी माझा हात तुमच्या पट्ट्यात अडकवायचे. दोघं वर पोचलो की शेजारच्या गच्चीवरून चौरसिया भाभी विचारायची, "आज क्या बोले भाईसाहब?" मी सांगायचे. तिलाही पाठ झालं होतं. "होल्ड" म्हणजे जाऊ नकोस, इथंच थांब. तो तुम्ही सगळ्यात जास्त वापरलात. मी दूध आणायला दारापर्यंत गेले तरी, "होल्ड!"

आणि "ईझ". तो मला नीट कळत नव्हता. थॉमसभाऊजी म्हणाले, "भाभीजी, ईझ बोले तो रस्सी छोड़ने का नहीं. हाथ में पकड़ के, धीरे-धीरे देने का. एकदम छोड़ा तो आदमी का हाथ जल जाता है." मी कपडे घाईनं काढले, मान जोरात पुसली, की तुम्ही म्हणायचात, "ईझ." हळू.

असं सगळं नीट चाललेलं असताना मी तो प्रश्न काढला. काढायला नको होता, असं केतकी म्हणते. मला नाही तसं वाटत. तुम्ही आजारी होतात, पण मेलेले नव्हतात; माझ्याशी भांडायचा तुमचा हक्क मी का काढून घेऊ? गच्चीवर ऊन होतं, मी संत्रं सोलत होते. म्हणाले, "त्या दिवशी मग बोलू म्हणालात. आता बोलू. जायचं का वेंगुर्ल्याला? भावानं ती जागा अजून दिलेली नाही कुणाला. मान हलवा नुसती."

मान तुमची दोन्हीकडे हलायची, हो-नाही तिच्यावरून कळत नसे, हे मला माहीत होतं. तरी मी बघत होते. तुम्ही माझ्या हाताकडे बघितलंत. मग किल्ल्याच्या बाजूला. मग डावा हात माझ्या मनगटावर ठेवलात आणि अगदी हळू आवाजात म्हणालात, "ईझ."

मी विचारलं, "म्हणजे हो?"

"ईझ."

"म्हणजे नाही?"

"ईझ."

त्याच दुपारी मी फोन लावला. थॉमसभाऊजींनी मला सगळं पुन्हा सांगायला लावलं. मग म्हणाले, "भाभीजी, वो ऑर्डर है. ऑर्डर में हाँ-ना नहीं होता." मी हट्ट धरला. म्हणाले, "भाऊजी, तुम्ही ह्यांना माझ्यापेक्षा जास्त वर्षं रोज पाहिलंय, सांगा." ते म्हणाले, "हो सकता है वो बोल रहा है, मैं दे रहा हूँ, धीरे-धीरे. हो सकता है बोल रहा है, तू छोड़ दे. दोनों के लिए एक ही बोलते हैं. मेरे को नहीं मालूम. सच में नहीं मालूम."

मलाही नाही मालूम. त्यानंतर मी रोज विचारणार होते, वेगवेगळ्या तऱ्हेनं विचारणार होते. पण तुमच्या छातीत कफ झाला, ताप आला, आणि विचारायचं राहून गेलं.

थॉमसभाऊजी तेराव्याला आले. दोन गाड्या बदलून, हातात फणसाच्या चिप्स घेऊन, कारण तुम्हाला आवडायच्या. जहाजावरच्या मंडळींचं म्हणणं होतं की अस्थी समुद्रात द्याव्या, सगळा मान देऊन. मी नाही म्हणाले. ओरछ्याला बेतवेत सोडल्या. उथळ पाणी, मध्ये दगड, पलीकडे म्हशी. तिथं तुम्हाला जहाजासारखं काही लागणार नाही. भाऊजी गुडघाभर पाण्यात उभे राहून सॅल्यूट करत होते आणि पॅन्ट भिजून चालली होती.

परतताना मी त्यांना विचारलं, वर अडकलेल्या पोरांना हे काय सांगायचे? भाऊजींना हसू आलं. "कुछ बताता नहीं था, भाभीजी. पूछता था. घर में इतवार को क्या बनता है? माँ बनाती है कि बाप? नमक कौन ज़्यादा डालता है? बच्चा जवाब देने लगता है तो हाथ अपने आप खुल जाता है." म्हणजे एवढंच. आणि हे मला सांगायला तुम्हाला काय झालं होतं? मी किती तऱ्हेनं विचारलं असतं तुम्हाला, तुम्ही जवाब द्यायला लागेपर्यंत. मीठ कोण जास्त घालतं विचारलं असतं. उगाच त्या मॅडमसारखी चित्रातली गाय दाखवत बसले.

मग केतकी मला वेंगुर्ल्याला घेऊन गेली. म्हणाली, "आठ दिन रहो, मन बदलेल." तिचं मराठी तुमच्यावर गेलंय. भावानं ती जागा दाखवली. विहिरीला पाणी आहे. माड धरलेत. संध्याकाळी किनाऱ्यावर गेले. जो समुद्र मी सात वर्षं तुमच्याकडे मागत होते तो समोर होता, आणि मी त्याच्याकडे पाठ करून बसले. मला त्याचा आवाज सहन होईना. भाऊ म्हणाला, "आता हयच रव. तिथं कोण आसा तुझा?" बरोबर आहे त्याचं. कुणी नाही. मी त्याला म्हणाले, "बघू, विचार करून राहिले आहे." वहिनी हसली, "बघा, पुरी झाशीवाली झाली." मी हसले नाही. मला तुमचा आवाज ऐकू आला, माझ्या तोंडातून.

चौथ्या दिवशी परत आले. इथंही काही नाही. तुमच्यावाचून हा दगड नुसता दगड आहे, आणि तो समुद्र नुसता पाणी आहे. वेंगुर्ल्याला गेले तर तुम्ही नाही म्हणाला होतात असं वाटतं. इथं राहिले तर तुम्ही हो म्हणाला होतात असं वाटतं. भांडण जिंकले की हरले ते सांगणारं कुणी उरलं नाही. केतकी सुट्टी वाढवते आहे. तिलाही कधीतरी जावं लागेल. चौरसिया भाभी गच्चीवरून बघते, काही विचारत नाही.

तुमच्यावर राग आहे माझा. आणि तरी, खरं सांगते, ते शेवटचं वर्ष मी कुणाला देणार नाही. निवृत्तीपर्यंतचा सगळा संसार तुम्ही समुद्रावर आणि मी क्वार्टरात. त्या एका वर्षात तुम्ही जे बोललात ते सगळं फक्त माझ्याशी बोललात. पाच-सहा शब्द. पण दुसऱ्या कुणासाठी नव्हते ते.

त्या शेवटच्या सकाळचं मात्र मी अजून कुणाशी बोलले नाही. केतकी तिथंच होती, तरी आम्ही दोघी त्यावर बोलत नाही.

दवाखान्यातला तिसरा दिवस होता. तोंडावर ऑक्सिजन. खिडकीतून उजेड यायला लागला होता, झाडूवाली फरशी पुसत होती. तुमचा श्वास लांब-लांब व्हायला लागला. एक यायचा, मग बराच वेळ काही नाही, मग दुसरा. मी तुमचा डावा हात धरला होता. त्यानं मला धरलेलं नव्हतं, हे मला कळत होतं. तुमच्या कानाशी वाकून म्हणाले, "हीव." तुम्ही एक श्वास घेतलात. खरंच घेतलात, केतकीनंही पाहिलं. मी पुन्हा म्हणाले, "हीव." पुन्हा एक घेतलात. मला वाटलं, जमतंय. भाऊजींनी नीट शिकवलंय. मी तुम्हाला ओढून आणते आहे.

मग पुढचा आला नाही.

मी म्हणाले, "होल्ड." मग मोठ्यानं म्हणाले. मग उभी राहिले आणि तुमच्या त्या आवाजात, डोलकाठीच्या बुडाशी उभ्या असलेल्या माणसाच्या आवाजात ओरडले, "होल्ड! होल्ड! होल्ड!" शेजारच्या खाटेवरचा म्हातारा उठून बसला. झाडूवाली थांबली. नर्स धावत आली, तिनं तुमच्या मानेवर बोटं ठेवली, आणि मग माझे खांदे धरून म्हणाली, "अम्मा, अम्मा, ये क्या बोल रही हैं आप?"

मला सांगता येईना. केतकीनं सांगितलं.

"पापा को रुकने के लिए बोल रही हैं."